रकान्यातलं ‘नाही’ बदलायला लागलेले नऊ महिने

मागच्या महिन्यात शेजारच्या तांड्यावरची एक बाई माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायला आली आणि तासभर बसली. तिच्या मुलाला नीट दिसत नाही, शाळेत त्याचं नाव दिव्यांग मुलांच्या ‘त्या यादीत’ नाही, आणि सुरुवात कुठून करायची हेच तिला कळत नव्हतं. तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहून ठेवते. मी या कामाला लागले तेव्हा मला असं एका जागी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. जमीन हलकी, पाणी कमी, त्यामुळे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला साखर कारखान्याला जातं. माझा भाऊ आणि वहिनी मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मागे वळता येत नाही. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, आता नऊ वर्षांची आहे. पहिली आणि दुसरी अशी दोन्ही वर्षं दिवाळीपासून एप्रिलपर्यंत ती आई-बापासोबत उसाच्या फडातच होती. मी गावात आईजवळ राहते आणि शिवणकाम करते.

१५ जून २०२४ ला शाळा उघडली आणि भाची तिसरीत गेली. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत बदलीने नवे सर आले होते. ८ जुलैला त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, नेहमीचंच असेल: मागे पडली आहे, घरी अभ्यास घ्या. सर म्हणाले, “ताई, ही पोरगी मंद नाही. हिला ऐकू कमी येतं, असं मला वाटतंय.”

त्यांनी तिची वही दाखवली. फळ्यावरून उतरवलेलं पान मोत्यासारखं, श्रुतलेखनाचं पान कोरं. पाठमोरे असताना त्यांनी हाक मारली की ती बघत नव्हती, आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की एकदम हरवून जायची. हे आमच्या घरातही रोज दिसत होतं, पण सगळ्यांना कारण आधीच सापडलेलं होतं: लेकरू कारखान्याला जातं, शाळा बुडते, म्हणून येत नाही. शाळा बुडत होती हे खरंच आहे. त्या खऱ्या कारणाच्या आड दुसरं कारण तीन वर्षं लपून राहिलं. तान्ही होती तेव्हापासून तिचा कान वाहायचा आणि आम्ही त्यात कोमट तेल सोडायचो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी यूडायस प्लसवरची तिची माहिती उघडून दाखवली. देशभरातल्या शाळांची माहिती या पोर्टलवर भरली जाते आणि २०२२-२३ पासून ती एकेका मुलाच्या नावानिशी भरतात. भाचीच्या नावापुढे विशेष गरजा असलेलं मूल आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर होतं. सर म्हणाले, “श्रवणयंत्र, भत्ता, विशेष शिक्षकांची भेट, सगळं या रकान्यावरून ठरतं. इथं ‘नाही’ असेल तर वरच्यांच्या लेखी असं लेकरूच नाही.”

सरांनी एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपवरची प्रश्नावली भरली. ही मुलांची प्राथमिक पडताळणी असते. आधी वर्गशिक्षक भरतात, मग विशेष शिक्षक पुढचा भाग पाहतात. ती भरली म्हणून दिव्यांगत्व सिद्ध होत नाही, पण पुढच्या कामाला बळ मिळतं. तुमच्या शाळेत हे ॲप कुणी उघडलेलं नसेल तर नाव घेऊन विचारा.

आठवड्याभराने गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका घरी आल्या. त्यांच्याकडे तालुक्यातल्या कितीतरी शाळा आहेत, तरी त्या ओसरीवर दीड तास बसल्या. मी त्यांना सांगितलं की मागे सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने ‘घरात कुणी दिव्यांग आहे का’ असं विचारलं होतं आणि आईने ‘नाही’ सांगितलं होतं. मॅडमनी तो शब्द काढलाच नाही. त्या आईला म्हणाल्या, “आजी, टीव्हीचा आवाज मोठा करायला लावते का? लाईट गेल्यावर अंधारात बोललं तर तिला कळतं का?”

आई थांबली. म्हणाली, “अंधारात? अंधारात तर लेकरू येकदम गप ऱ्हातंय. आमाला वाटायचं भेतंय.”

ती आमच्या ओठांकडे बघून समजून घेत होती. अंधारात ओठ दिसत नव्हते.

मॅडमनी नंतर समजावलं की असा प्रश्न विचारण्याची पद्धत जगभर वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट नेमला. त्याचे प्रश्न बघायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला किती त्रास होतो असे असतात, आणि मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ८ प्रकारांत नोंद झाली आणि २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के लोक दिव्यांग निघाले. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. हे मी नंतर वाचून काढलं. त्या आकड्याच्या बाहेर माझ्या आईसारखी ‘नाही’ म्हणालेली घरं किती असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मॅडमनी दोन कामं एकाच वेळी चालवायला सांगितली: दवाखाना आणि कागद. एक संपल्यावर दुसरं धराल तर वर्ष जाईल, म्हणाल्या. त्यांचा हा सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आधी कागदाचं सांगते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज ऑनलाइन एकच असतो आणि त्यावरचं नाव-जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. भाचीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती, कारण कार्ड काढताना कुणाकडे दाखला नव्हता. शाळेच्या रजिस्टरला वेगळी तारीख. खरी तारीख तिसरीच. ती जन्मली होती पश्चिम महाराष्ट्रात, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत ती सापडणार नाही. भावाने ट्रंकेतून दवाखान्याचा जुना डिस्चार्ज कागद काढला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गेला. नोंद होती, पण नुसती ‘मुलगी’ म्हणून. नाव घालून दाखला मिळेपर्यंत दोन दिवस एका ओळखीच्या वस्तीवर राहावं लागलं. जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे मिळून अठराशे रुपये गेले. ऊसतोडीला जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, फडात लेकरू झालं तर तिथून निघायच्या आधी दाखला हातात घ्या.

आधार केंद्रावर तेव्हा १०० रुपये लागले, कारण पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात तेही राहिलेले होते. २० ऑगस्टला आधार दुरुस्त झालं. सरांनाही हायसं वाटलं. आता शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर मंजूर होतात, त्यामुळे आधार चुकलेलं एकेक लेकरू शाळेलाही जड जातं.

२७ ऑगस्टला सेवा केंद्रात यूडीआयडीचा अर्ज भरला. दोन गोष्टी सांभाळा. मोबाईल नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा द्या. भावाचा फोन फडात आठ-आठ दिवस बंद असतो, म्हणून मी माझा दिला. आणि दवाखाना निवडताना स्क्रीन स्वतः बघा. केंद्रातल्या मुलाने घाईत दुसऱ्याच तालुक्याचं रुग्णालय निवडलं होतं, मी बघितलं म्हणून ते वेळेत बदललं.

दवाखान्याचं काम २३ जुलैपासूनच सुरू होतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांचा वार मंगळवार. केस पेपरसाठी सकाळी साडेसातला रांगेत उभं राहायचं, म्हणजे गावातून पहिल्या एसटीने निघायचं. भाचीचं अर्धं तिकीट, माझंही महिला सवलतीचं अर्धं, तेवढा आधार. डॉक्टरांनी कान तपासला आणि म्हणाले, दोन्ही पडद्यांना भोक आहे, कान वाहतोय, आधी सुकला पाहिजे. थेंब दिले आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. तेलाचं मी स्वतःहून सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “आजपासून कानात काही घालायचं नाही. अंघोळीला कापसाचा बोळा व्हॅसलीन लावून.”

सहा आठवडे म्हणजे ३ सप्टेंबर. १ तारखेपासून मराठवाड्यात असा पाऊस झाला की २ तारखेचा पोळा बैल गोठ्यातच ठेवून करावा लागला. ३ ला ओढ्याच्या पुलावरून पाणी, एसटी बंद. पुढचा मंगळवार महालक्ष्म्या बसायचा. त्याच्या पुढचा १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. असे तीन मंगळवार गेले. घरातले म्हणायला लागले, जाऊ दे आता, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर भाऊ-वहिनी जाणार आणि लेकरू पुन्हा सोबत जाणार, हे मला दिसत होतं. त्या पंधरा दिवसांत मी आईशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात भांडले.

२४ सप्टेंबरला ऐकण्याची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. भाची घाबरली होती. आवाज नसतानाही दाबायची. तपासणी करणाऱ्या ताई म्हणाल्या की ही नोंद प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड धरणार नाही, बेरा करून आणा. बेरा म्हणजे लेकरू झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहतात. ती सोय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होती, गावापासून तीन तास. तारीख मिळाली ८ ऑक्टोबर.

या तपासणीच्या आधी लेकराला जागं ठेवायचं असतं, हे नीट ऐकून घ्या. आम्हाला सांगितलं होतं की पहाटे तीनला उठवा आणि गाडीत अजिबात झोपू देऊ नका. एसटीत ते तीन तास कसे काढले ते माझं मला माहीत. खिडकीतून दिसेल ते दाखवत होते, तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढत होते आणि तिला ओळखायला लावत होते. माझ्या आवाजावर ती ओळखत नाही, पण हातावरचा ‘ळ’ तिने एका झटक्यात ओळखला. तिथे पोचल्यावर सरबतासारखं औषध दिलं आणि ती माझ्या मांडीवर झोपली. अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी मिळाला. मुक्कामाची वेळ येऊ शकते, म्हणून सोबत चादर आणि भाकरी असू द्या.

२३ ऑक्टोबरला बोर्डापुढे उभं राहिलो. दारातच एक माणूस भेटला. तीन हजारांत आठ दिवसांत दिव्यांगत्वाचे टक्के वाढवून आणतो म्हणाला. त्याला नाही म्हणाले. प्रमाणपत्राला शासन एक रुपयाही घेत नाही. टक्के कसे काढतात तेही मी डॉक्टरांना विचारून घेतलं: दोन्ही कानांचं मोजमाप घेतात, पण चांगल्या कानाला पाचपट वजन देतात. भाचीचे ४६ टक्के आले. ४० किंवा जास्त असतील तरच बहुतेक सवलती लागू होतात. पडद्याची शस्त्रक्रिया पुढे होऊ शकते, त्यामुळे प्रमाणपत्र पाच वर्षांसाठीच दिलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तिथेच बाकावर बसलेल्या एकांनी सल्ला दिला की पोरीला मूकबधिर शाळेत टाका, इथं तिचं काय होणार. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी २०१६ च्या कायद्यातलं ३१ वं कलम सांगितलं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवी असेल तर विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि निवड आपली आहे. भाची बोलते, वाचते, तिच्या मैत्रिणी इथे आहेत. आम्ही गावची शाळा निवडली. ज्या लेकराची भाषाच खुणांची आहे त्याच्यासाठी निवड वेगळी असू शकते, तिथे दुसऱ्याच्या सल्ल्यावर जाऊ नका.

प्रमाणपत्र ऑनलाइन यायला वेळ लागला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती, जो तो निवडणुकीच्या कामात. मी दर दोन दिवसांनी स्थिती बघायची आणि ‘प्रलंबित’ वाचून फोन ठेवायची.

त्याच काळात दुसरी यादी होत होती. आमच्या भागात जी मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. बहुतेक ठिकाणी लेकरं झोपायला घरीच असतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेतून मिळतं. शाळा व्यवस्थापन समिती आधी सर्वेक्षण करून नावं पाठवते. ऑक्टोबरमध्ये नाव गेलं नाही तर नंतर घुसवणं अवघड. मी सरांच्या मागे लागून भाचीचं नाव त्या यादीत आधी बघितलं. आणि जी लेकरं सोबत जातातच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. मागच्या दोन्ही हंगामांत आम्ही ते घेतलं नव्हतं, असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबरला मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी हलली. वहिनी ट्रॅक्टरपाशी भाचीला जवळ घेऊन म्हणाली, “आत्याजवळ ऱ्हाय, शाळा शिक.” अंधार होता. भाचीला ते कळलं नाही. मी मोबाईलची बॅटरी वहिनीच्या तोंडावर धरली आणि म्हणाले, पुन्हा म्हण. तिने पुन्हा म्हटलं.

२ डिसेंबरला प्रमाणपत्र आलं. कार्ड टपालाने जानेवारीत आलं, पिवळ्या पट्टीचं. ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळं, ८० पासून पुढे निळं, ४० च्या आत पांढरं असतं. टपालाची वाट बघायची गरज नाही, पोर्टलवरून उतरवलेली प्रतही चालते. त्या प्रतीवरच डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याला झालेल्या श्रवणयंत्राच्या मोजमाप शिबिरात भाचीचं नाव घेतलं. कानाचा साचा घेतला. मग पुन्हा वाट बघणं.

या वाट बघण्याच्या काळात सरांनी जे केलं त्याला एक पैसाही लागला नाही. तिला खिडकीपासून लांब, पुढच्या ओळीत बसवलं. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही, वळून बोलायचं, एवढं त्यांनी स्वतःला लावून घेतलं. श्रुतलेखनाला तिच्यासमोर बसून शब्द म्हणू लागले. जानेवारीत तिने दहापैकी सात शब्द बरोबर लिहिले. यंत्र तेव्हा आलेलंही नव्हतं.

श्रवणयंत्र ४ मार्च २०२५ ला मिळालं. पहिले चार दिवस ती ते काढून फेकायची. भांड्याचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळं एकदम अंगावर येत होतं. मॅडमनी सांगितलं तसं आधी शांत खोलीत एक तास, मग दोन तास असं वाढवत नेलं. रात्री ते घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या पुडीबरोबर ठेवायचं. बॅटऱ्यांची पट्टी दीडशे रुपयांना पडते, हा खर्च कायमचा धरून चाला. दिव्यांग मुलींना ‘समग्र शिक्षा’ या शासनाच्या योजनेतून महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ता असतो. तो लेकराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, म्हणून खातं आधीच उघडा. आमचं उघडायला उशीर झाला.

माझ्या शिलाईच्या वहीत मी सगळं टिपून ठेवलं होतं. अकरा फेऱ्या, भावाची एक. सगळे मिळून चार हजार आठशेच्या आसपास गेले, त्यातला कागदांसाठी शासनाला भरलेला भाग फारच थोडा.

११ मार्चला मी शाळेत गेले आणि सरांना म्हणाले, मला दाखवा. त्यांनी यूडायस उघडलं. विशेष गरजा असलेलं मूल: होय. प्रकार: श्रवणदोष. प्रमाणपत्र ‘आलं आहे’ असं कळवून घरी बसू नका, शाळेत जाऊन तो रकाना डोळ्यांनी बघा. तिथेच तिचा कायमस्वरूपी शैक्षणिक क्रमांकही वहीत लिहून घेतला. शाळा बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही आणि माहिती त्यावरूनच पुढे जाते.

एप्रिलच्या शेवटी भाऊ-वहिनी आले. वहिनीने उंबऱ्यातून हाक मारली. भाची पाठमोरी बसून कणीक मळत होती, ती वळली.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला भाची चार किलोमीटरवरच्या गावात जाईल. जून २०२६ मध्ये तिथलं पोर्टल उघडेल त्या आठवड्यात प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि तो क्रमांक घेऊन मी तिथल्या मुख्याध्यापकांसमोर बसणार आहे. तांड्यावरच्या बाईच्या मुलाची डोळ्यांची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. पहिल्या एसटीने निघायचं ठरलंय, मी सोबत जाते आहे.